पाण्याकाठचे आबालाल

शिवाजी पेठेतल्या संध्यामठ गल्लीत राहणाऱ्या माणसाला महिना कोणता चालू आहे हे कॅलेंडर न बघताही कळते. गल्ली उतरून रंकाळ्याच्या काठावर यायचे आणि पाण्यात उभ्या असलेल्या दगडी संध्यामठाकडे नजर टाकायची. नुसते छत दिसत असेल तर श्रावण-भाद्रपद चालू आहे असे समजावे. खांब निम्मे उघडे पडले असतील तर थंडी सरत आली. आणि पाणी पार ओसरून मठाचा तळ दिसू लागला की वैशाख आला, आता वळवाची वाट बघायची. आमच्या घरातली म्हातारी माणसे अशीच बोलायची. मठ कितपत बुडाला यावरून ती पावसाचा हिशेब मांडत.

रंकाळ्यावर संध्याकाळी फिरायला येणारी कुटुंबे भेळ खातात, पोरांना घोड्यावर बसवतात, मठाकडे पाठ करून फोटो काढतात. त्यात गैर काही नाही. पण याच मठासमोर, याच पाण्याच्या काठी, शंभर वर्षांपूर्वी एक सडाफटिंग माणूस कागद आणि रंग घेऊन तासन्‌तास बसत असे, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. त्या माणसाचे नाव आबालाल रहिमान. महाराष्ट्रात निसर्गचित्र हा चित्रकाराच्या आयुष्यभराचा विषय होऊ शकतो, हे ज्यांनी जगून दाखवले त्यांच्यात त्यांचे नाव अगदी वरचे. आणि तरीही त्यांचे नाव घेतले की लोकांना आधी आठवते ती त्यांच्या चित्रांची नव्हे, तर ती चित्रे बुडाल्याची गोष्ट.

आबालालांचा जन्म कोल्हापूरचा. साल कुठे १८५६ दिलेले आढळते, कुठे १८६०. मूळ नाव अब्दुल अझीझ, पण ते कागदावरच राहिले. सगळ्या गावाने त्यांना आबालाल म्हणूनच ओळखले. घराणे विद्येचे. अरबी-फारसी जाणणारे, कुराणाच्या सुंदर हस्तलिखित प्रती तयार करणारे. ज्यांनी अशा जुन्या प्रती पाहिल्या असतील त्यांना हे काम म्हणजे काय असते ते वेगळे सांगायला नको. बोरूचा एक फराटा चुकला तर सगळे पान वाया. अक्षराची जाडी कुठे वाढवायची, कुठे निमुळती करायची, शाई किती उचलायची, श्वास कुठे धरायचा, हे सारे हाताला लहानपणीच वळण लावून शिकवावे लागते. आबालालांच्या हाताला हे वळण घरातच लागले. पुढे कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात झाडाची फांदी उभी करण्याची जी कसब लोकांनी त्यांच्या चित्रांत वाखाणली, तिचे मूळ मला तरी त्या बोरूत दिसते.

वडील त्या वेळच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीला इथल्या भाषा शिकवायला जात आणि सोबत मुलालाही नेत, असे सांगतात. बाईंचा धडा चालू असताना मुलगा कोपऱ्यात बसून चित्रे काढी. ती चित्रे बाईंच्या नजरेस पडली आणि या मुलाला मुंबईला धाडले पाहिजे असे त्या घराने मनावर घेतले. तपशील थोडा इकडेतिकडे होत असेल, पण १८८० साली आबालाल मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. कोल्हापूरला आगगाडी आली १८९१ साली. त्याआधी अकरा वर्षे हा तरुण घाट उतरून मुंबईला निघाला होता, तेही चित्र शिकायला! कोल्हापुरात त्या वेळी या बेताला किती लोक हसले असतील याची कल्पना आपणच करावी.

जे. जे. मध्ये तेव्हा प्राचार्य होते जॉन ग्रिफिथ्स. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेण्याचे मोठे काम ज्यांनी विद्यार्थ्यांकरवी चालवले, तेच हे ग्रिफिथ्स. शाळेची शिस्त विलायती. आधी प्लॅस्टरचे ग्रीक-रोमन पुतळे समोर ठेवून महिनोन्‌महिने छायाप्रकाशाचा अभ्यास, मग जिवंत माणूस बसवून रेखाटन, आणि त्यानंतर कुठे रंग. आबालालांनी हा अभ्यास असा केला की त्यांची विद्यार्थिदशेतली रेखाटने शाळेने संग्रहात जपून ठेवली. पुढच्या पिढ्यांतल्या मुलांनी ती बघून डोळे चोळले. १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. त्या काळी चित्रकलेच्या विद्यार्थ्याला यापरते मोठे काही मिळवायचे उरत नसे.

आता इथून पुढची वाट सरळ होती. मुंबईत राहायचे, पारशी शेटजींची आणि संस्थानिकांची तैलचित्रे रंगवायची, प्रदर्शनांत बक्षिसे घ्यायची. राजा रविवर्मांच्या नावाचा डंका तेव्हा वाजू लागलाच होता. चित्रकारालाही मान मिळतो आणि पैसा मिळतो हे हिंदुस्थानाला नव्यानेच कळत होते. आबालालांच्या हातात कसब होते, गळ्यात पदक होते. पण आई-वडिलांच्या निधनाने ते कोल्हापूरला परतले, आणि परतले ते कायमचे.

कोल्हापुरात पोटापाण्यासाठी व्यक्तिचित्रे वगैरे करणे आलेच. खरा आधार मिळाला तो राजर्षी शाहू महाराजांचा. महाराजांनी १८९४ साली कारभार हाती घेतला आणि करवीर नगरीत गुणी माणसांचा मेळा जमू लागला. कुस्तीगीर आले, गवई आले. गानसम्राट अल्लादियाखाँसाहेब याच दरबाराचे. आबालाल दरबारचे चित्रकार झाले. महाराजांना शिकारीचा, हत्ती-घोड्यांचा, साठमारीचा नाद. त्यांच्या चित्रकाराला राजवाड्यातल्या कामातून पूर्ण सुटका असणे शक्य नव्हते. पण महाराजांचे मोठेपण असे की त्यांनी या अबोल, एकलकोंड्या माणसाला त्याच्या मनाप्रमाणे राहू दिले. राजाश्रय म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शालजोडी आणि मानाची खुर्ची येते. आबालालांना मिळाला तो वेगळ्या जातीचा राजाश्रय होता. त्यांना मोकळे सोडण्यात आले होते.

गावाच्या पूर्वेला कोटितीर्थ नावाचा तलाव आहे. काठावर झाडी आणि महादेवाचे देऊळ. १९०६ साली स्थापन झालेली शाहू मिल पुढे याच भागात उभी राहिली, पण त्याआधीचा हा परिसर म्हणजे गावाबाहेरचा निवांत कोपरा. आबालाल इथे येऊन राहिले. लग्न केले नाही. गरजा फकिराच्या. मुसलमानाच्या घरी कुराणाच्या प्रती लिहिणाऱ्यांच्या वंशात जन्मलेला हा माणूस महादेवाच्या तीर्थाकाठी राहून त्याच तीर्थाची चित्रे काढत राहिला आणि त्यात काही विशेष आहे असे ना त्याला वाटले, ना गावाला.

कोटितीर्थावर उजाडताना पाण्यावर धुके असते. ऊन चढले की तेच पाणी पत्र्यासारखे चकाकते, दुपारी मरगळते आणि तिन्हीसांजेला त्यात आभाळाचे सगळे रंग उतरतात. हे सगळे आपण पाहतो आणि घरी येतो. आबालाल ते कागदावर उतरवत. एकच जागा, पण वेळ वेगळी. एकच झाड, पण ऋतू वेगळा. कोटितीर्थ, रंकाळा, संध्यामठ, रावणेश्वर, पंचगंगेचा घाट. त्यांचे सगळे जग दोन-तीन कोसांत मावत होते. हिमालय नाही, काश्मीर नाही. ज्यांना चित्रासाठी दूरदेशी जावे लागते त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण रोजच्या रस्त्यावर रोज नवे काही दिसणारा माणूस मला त्याहून अवघड वाटतो.

त्यांचे आवडते माध्यम जलरंग. ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांना रंगपेटी ठाऊक असते, पण जलरंगाचे खरे दुखणे हाती ब्रश धरल्याशिवाय कळत नाही. तैलरंगात चूक झाली तर रंग खरवडून पुन्हा लावता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. कागदाचा पांढरा हाच तुमचा उजेड. तो एकदा झाकला गेला की गेला. त्यामुळे कुठे रंग लावायचा यापेक्षा कुठे लावायचा नाही हे आधी ठरवावे लागते. पाण्यावरची एक चमक हवी असेल तर तेवढी जागा सोडून भोवतीचा रंग भरायचा, तोही ओला असेतोवर. हात थांबला की डाग पडलाच. कोल्हापुरी उन्हात कागद किती वेळ ओला राहणार? मिनिटभरात निर्णय घ्यायचा आणि तो निभवायचा. पुन्हा तीच बोरूची तालीम!

जे. जे. च्या शिकवणीप्रमाणे रेखीव, घोटीव काम करणारे आबालाल पुढे हळूहळू बदलत गेले. रेषा विरघळू लागल्या. पारदर्शक रंगांवर ते अपारदर्शक रंगांचे ठिपके, फटकारे ठेवू लागले. जवळून पाहिले तर नुसते रंगाचे तुकडे. चार पावले मागे सरून पाहिले की झाडावर ऊन पडलेले दिसते. जाणकारांनी ही चित्रे पाहून युरोपातल्या दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांची आठवण काढली. पॅरिसमध्ये त्या मंडळींचे पहिले प्रदर्शन भरले १८७४ साली. क्लोद मोने १८८३ मध्ये जिव्हर्नी या खेड्यात जाऊन राहिला, घरामागे तळे केले आणि मरेपर्यंत, म्हणजे १९२६ पर्यंत, त्या तळ्यातल्या कमळांची चित्रे काढत राहिला. म्हणजे इकडे आबालाल कोटितीर्थाकाठी आणि तिकडे मोने आपल्या तळ्याकाठी, दोघेही एकाच काळात पाण्यावरचा उजेड पकडत बसलेले.

ही तुलना ऐकायला गोड आहे. पण आपल्याकडे एक खोड आहे. आपला माणूस मोठा ठरायला त्याच्या नावापुढे परदेशी नाव जोडावे लागते. आबालालांना कोल्हापूरचे मोने म्हटल्याने त्यांची उंची वाढत नाही. तीस-चाळीस वर्षे रोज एकाच पाण्याकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला, वस्तू म्हणजे मुळात तिच्यावर पडलेला उजेड, हे सांगायला पॅरिसहून कुणी यावे लागत नाही. फरक सांगायचाच तर वेगळा आहे. मोनेच्या दाराशी चित्रांचे व्यापारी येत. कोटितीर्थावर कोण येणार होते?

त्या काळी कोल्हापूर हे तळ्यांचे गाव होते, हेही इथे सांगितले पाहिजे. आज शिवाजी पेठेत गांधी मैदानावर सभा होतात, पोरे क्रिकेट खेळतात. ते मैदान म्हणजे जुने वरुणतीर्थ. कपिलतीर्थात आता भाजी मंडई आहे. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे आहे आणि तिथे पेठापेठांतले फुटबॉलचे सामने बघायला अवघे गाव लोटते. तळी बुजवली याबद्दल आता गळा काढण्यात अर्थ नाही; गाव वाढते तेव्हा असे होते. पण ज्यांनी ती तळी पाहिली नाहीत त्यांना ती कशी दिसत होती हे सांगणारा एक माणूस गावाजवळ होता. त्याने ते पाणी कागदावर साठवून ठेवले होते. त्या कागदांचे काय झाले?

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज मुंबईत वारले. कोल्हापूर पोरके झाले. अल्लादियाखाँसाहेब मुंबईला गेले आणि तिथे त्यांच्या घराण्याचा पुढे मोठा विस्तार झाला. आबालाल कुठेच गेले नाहीत. त्यांनी केले ते एवढेच, की आपली चित्रे उचलली आणि कोटितीर्थात सोडून दिली. ही ती प्रसिद्ध गोष्ट. आमच्या लहानपणी ती ऐकली की रात्री झोप लागत नसे. तलावाच्या तळाशी गाळात ती चित्रे अजून असतील, एखाद्या उन्हाळ्यात पाणी आटले की वर येतील, असे आम्हा पोरांना खरेच वाटायचे. जलरंग पाण्यात विरघळतो एवढी अक्कल तेव्हा नव्हती.

किती चित्रे बुडाली? कुणी शेकडो म्हणतात, कुणी हजारो. त्यांनी आयुष्यात वीस हजार चित्रे काढली असेही सांगितले जाते. जरा हिशेब करून पाहू. १८८८ ते १९२२ म्हणजे चौतीस वर्षे, साधारण साडेबारा हजार दिवस. म्हणजे एकही दिवस न चुकता रोज दीडाहून अधिक चित्रे. पोस्टकार्डाएवढे कागद आणि झपाट्याचा हात धरला तर अगदीच अशक्य नाही, पण आकडा लोकांच्या तोंडी वाढत गेला असणार हे उघड आहे. माणूस कमी बोलला की त्याच्याविषयी गाव जास्त बोलते.

आकड्याचे सोडा. त्यांनी असे का केले असेल? रूढ उत्तर असे की ज्याच्यासाठी काढली तो जाणकार गेला, आता ही कुणाला दाखवायची, या दुःखाने. ते खरे असेल. पण मला त्याला आणखी एक बाजू दिसते. मोनेनेही १९०८ मध्ये प्रदर्शन तोंडावर आलेले असताना आपली पंधराएक चित्रे स्वतः नष्ट केली होती; ती मनासारखी उतरली नाहीत म्हणून. जो माणूस रोज नवे चित्र करतो त्याला कालचे चित्र जपण्याचे आपल्याइतके अगत्य नसते. त्याचे सुख बसून बघण्यात आणि उतरवण्यात होते, ते वसूल झालेले होते. आपल्याला हळहळ वाटते कारण आपल्या हाती फक्त कागदच येणार होता. फकिरी वृत्ती म्हणून आपण या गोष्टीचे कौतुक करतो तेव्हा एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे विसरतो. त्या ढिगातली चार-दोन चित्रे मागून घ्यावीत, घरात लावावीत, असे वाटणारी माणसे त्या वेळच्या कोल्हापुरात पुरेशी असती, तर पाण्यात टाकायला त्यांच्यापाशी एवढी उरलीच नसती.

यानंतर आबालाल नऊ वर्षे जगले, आणखी एकाकी, आणखी गप्प. २८ डिसेंबर १९३१ रोजी ते गेले. त्या सालाला आणखी एक योग जुळून आला आहे. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर हेही कोल्हापुरातच जन्मलेले, १८६७ चे. लहानपणी आबालालांचे काम पाहून त्यांना चित्रकलेची ओढ लागली असे सांगतात. १८९० मध्ये तेही जे. जे. मध्ये गेले, पण ते तिथेच राहिले, शिक्षक झाले, कीर्ती आणि किताब मिळवले आणि एकेचाळीस वर्षांच्या सेवेनंतर १९३१ सालीच निवृत्त झाले. एकाच गावचे, एकाच शाळेचे दोघे. एकाने आत्मचरित्र लिहिले. दुसऱ्याने पत्ता मागे ठेवला नाही.

तरीही आबालाल संपले नाहीत, ते एका वेगळ्याच कारणाने. त्यांनी वर्ग काढला नाही की शाळा चालवली नाही. पण तलावाकाठी बसून चित्र काढणारा माणूस गावाच्या येण्याजाण्याच्या वाटेवर असतो आणि त्याच्या खांद्यावरून बघायला फी लागत नाही. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांना आबालालांविषयी नितांत आदर. ज्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणि १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ पडद्यावर आणला, ते बाबूराव मुळात चित्रकार, आणि पडद्यावर छायाप्रकाश कसा असावा याची त्यांची समज रंगातूनच आलेली. त्यांच्यामागून दत्तोबा दळवी आणि पुढच्या कितीतरी जणांनी निसर्गचित्रणाची ही वाट चालू ठेवली. सिनेमात नाव कमावलेले चंद्रकांत मांढरे यांनीही निसर्गचित्रे काढली आणि आपले घर व चित्रे संग्रहालयासाठी देऊन टाकली. सुटीच्या दिवशी सकाळी पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळ्यावर गेलात तर गुडघ्यावर पुठ्ठा घेऊन बसलेली दोन-चार पोरे हमखास दिसतात. त्यांना विचारले तर ती आपल्या सरांचे नाव सांगतील. त्या सरांच्या सरांच्या सरांनी कुणाच्या खांद्यावरून पाहिले होते, हे त्यांना ठाऊक असेलच असे नाही.

राहिलेली चित्रे थोडी आहेत. काही मुंबईत, काही खासगी संग्रहांत, काही कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात. टाउन हॉलसमोरून आपण हजार वेळा जातो. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेल्या वस्तूंसाठी १९४६ साली हे संग्रहालय निघाले आणि सहली त्या वस्तू बघून पुढे सरकतात. कोल्हापूरच्या चित्रकारांच्या भिंतीशी फारसे कुणी रेंगाळत नाही. मुलांना घेऊन जा आणि आबालालांच्या चित्रापुढे त्यांना आधी अगदी नाक लावून उभे करा, मग चार पावले मागे आणा. बाकी काही समजावून सांगायची गरज पडत नाही.

आणखी एक विनंती, ही मात्र जुन्या घरांच्या वारसांना. कोल्हापुरात अजून बरेच वाडे उभे आहेत, काही पाडायला निघाले आहेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी गावात कुठवर चढले ते आपण पाहिले. पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत पणजोबांच्या सनदांखाली, कसर लागलेल्या कागदांत, तळहाताएवढे एखादे तळ्याचे चित्र निघाले तर ते रद्दीत घालण्याआधी कुणा जाणत्याला दाखवा. ते आबालालांचे नसेलही. पण त्यांची चित्रे मागेल त्याच्या हातात जात, असे जुनी माणसे सांगत.

मी अधूनमधून संध्यामठ गल्ली उतरून रंकाळ्याच्या काठावर जातो. आबालाल गेले त्याच साली पलीकडच्या तीरावर शालिनी पॅलेसचे बांधकाम सुरू झाले. त्यांनी पाहिलेल्या रंकाळ्यात तो नव्हता. मधल्या काळात पाण्यात सांडपाणी आले, केंदाळ आले, ते काढले गेले, पुन्हा आले. मठ आहे तिथेच आहे. जूनचा दुसरा आठवडा उलटला की पाणी त्याच्या पहिल्या दगडाला लागते.